घरी बाळंतपण केल्यास बालकल्याण समिती बाळ ताब्यात घेऊ शकते का?

मानेवाडा_रोड

नमस्कार. मी नागपुरात मानेवाडा भागात राहते. मला सातवा महिना सुरू आहे, हे माझे दुसरे बाळंतपण आहे आणि डॉक्टरांनी मे महिन्यातील तारीख दिली आहे. पहिल्या वेळी शहरातील एका खासगी रुग्णालयात नैसर्गिक प्रसूती झाली. परंतु कळा सुरू असताना मला सतत उताणे झोपवून ठेवले, घरच्या कोणालाही आत येऊ दिले नाही, टाके का घातले हे दुसऱ्या दिवशी विचारल्यावर समजले आणि बाळ चांगले रडत असूनही कितीतरी वेळ माझ्याजवळ दिले नाही. त्यामुळे या वेळी एका नोंदणीकृत परिचारिकेच्या देखरेखीखाली घरीच बाळंत व्हावे, असा माझा आणि यजमानांचा विचार चालला आहे. सासूबाईंची चारही बाळंतपणे तुमसरजवळच्या गावी सुईणीच्या हातची झाली, तरी घरात दवाखान्याचा आग्रह धरणाऱ्या त्या एकट्याच आहेत, कारण त्यांतील एक बाळ तिसऱ्या दिवशी गेले.

मागील आठवड्यात घरी आलेल्या एका आरोग्य कर्मचारी बाईंच्या कानावर ही गोष्ट गेली. त्यांनी स्पष्ट सांगितले की, घरी बाळंत झाल्यास जन्माचा दाखला मिळणार नाही आणि प्रकरण बालकल्याण समितीकडे गेले तर बाळाला शिशुगृहात ठेवतील. त्यातच अमेरिकेत राहणाऱ्या नणंदेने टेक्सासमधील एका घटनेची बातमी पाठवली, ज्यात घरी जन्मलेले बाळ पोलिसांनी आईच्या हातून नेले होते. तेव्हापासून मला झोप नाही. घरी बाळंत होणे आपल्याकडे गुन्हा आहे का, दाखल्याचे काय होते आणि एवढ्याच कारणावरून बाळ काढून घेण्याचा अधिकार शासनाला आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सिव्हिल_लाइन्स_वकील

ताई, आपले तीन प्रश्न तीन वेगवेगळ्या ठिकाणचे आहेत. त्या बाईंनी ते एकत्र करून आपल्याला भीती घातलेली दिसते, म्हणून मी ते वेगळे करून उत्तर देतो.

घरी बाळंत होण्यास मनाई करणारा कोणताही कायदा भारतात नाही. २००५ सालची जननी सुरक्षा योजना आणि २०११ सालचा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम यांतून शासन रुग्णालयातील प्रसूतीस उत्तेजन देते, पैसे देते, मोफत वाहन देते. सक्ती करीत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातील सुमारे ९४.७ टक्के बाळंतपणे रुग्णालयांत झाल्याची नोंद आहे. उरलेल्या बायकांनी कोणताही गुन्हा केलेला नव्हता. शिवाय सुचिता श्रीवास्तव प्रकरणात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने गर्भ पूर्ण दिवस वाढवणे, मुलाला जन्म देणे आणि त्याचे संगोपन करणे हे घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचेच अंग मानले आहे. तो खटला घरच्या बाळंतपणाचा नव्हता, त्यामुळे त्यातून आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर काढता येणार नाही; परंतु स्त्रीच्या निर्णयाकडे न्यायालय कोणत्या दृष्टीने पाहते ते त्यातून कळते.

दाखल्याची भीती तर पूर्णपणे निराधार आहे. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ याने घरात झालेल्या जन्माची माहिती देण्याची जबाबदारी कुटुंबप्रमुखावर टाकलेली आहे, म्हणजे घरचा जन्म कायद्याने मुळातच गृहीत धरलेला आहे. २१ दिवसांच्या आत महानगरपालिकेच्या आपल्या झोन कार्यालयात माहिती द्यावी. त्या मुदतीत नोंद केल्यास पहिला दाखला विनामूल्य मिळतो, आणि नाव ठरले नसेल तर ते मागाहून घालता येते. २१ ते ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरावे लागते, त्यापुढे वर्षापर्यंत वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते आणि वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. हे काम लांबणीवर टाकू नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीमुळे त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या शाळाप्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला चालतो.

आता समितीचा प्रश्न, जो खरा महत्त्वाचा आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ कोणास म्हणावे याची यादी दिली आहे. बेघर मूल, टाकून दिलेले मूल, ज्याला सांभाळणारी व्यक्तीच त्याला इजा करते किंवा त्याची हेळसांड करते असे मूल, आणि ज्याचे आईवडील त्याचा सांभाळ करण्यास अपात्र किंवा असमर्थ असल्याचे चौकशीत आढळले आहे असे मूल, हे त्या यादीत येतात. मूल कोठे जन्मले याचा त्यात उल्लेखही नाही. त्याच कायद्याच्या कलम ३१ नुसार पोलीस, चाइल्डलाइन (मुलांसाठीची मदतवाहिनी), समाजसेवक यांच्याबरोबरच परिचारिका, डॉक्टर किंवा प्रसूतिगृहाचे व्यवस्थापनही बालकाला समितीपुढे हजर करू शकते, ही गोष्ट मी आपल्यापासून लपवणार नाही. समिती स्वतःहूनही दखल घेऊ शकते, मात्र तो निर्णय किमान तीन सदस्यांनी घ्यावा लागतो. परंतु समितीपुढे येणे म्हणजे बाळ जाणे नव्हे. सामाजिक तपासणी पंधरा दिवसांत पूर्ण करावी लागते, अंतिम आदेश चार महिन्यांच्या आत द्यावा लागतो, आणि मूल संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय आहे व संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आहे, ही तत्त्वे कलम ३ मध्येच लिहून ठेवलेली आहेत. देखरेखीच्या अटीवर किंवा अटीविना मूल आईवडिलांकडेच ठेवण्याचा आदेश समिती देऊ शकते. आदेश मान्य नसल्यास तीस दिवसांत अपील करता येते, आणि बाळ बेकायदेशीरपणे अडवून ठेवले असेल तर उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ आपल्या शहरातच आहे.

नणंदेने पाठवलेली बातमी मार्च २०२३ मधील, डॅलसजवळची असावी. ती घटना खरी आहे, परंतु बाळ घरी जन्मले म्हणून नेले गेले नव्हते. काही दिवसांनी तपासणीत कावीळ वाढलेली आढळली, बालरोगतज्ज्ञांनी रुग्णालयात दाखल करण्यास सांगितले, आईवडिलांनी आपल्या सुईणीच्या देखरेखीखाली घरीच प्रकाशोपचार करण्याचे ठरवले आणि त्यावर डॉक्टरांनी बालसंरक्षण खात्याला कळवले. सुमारे तीन आठवड्यांनी बाळ परत मिळाले. तेथील यंत्रणेने अतिरेक केला असे माझे मत आहे. तरीही वाद उपचारांवरून पेटला होता, हे लक्षात घ्यावे.

युरोपातील एक निवाडाही येथे आठवतो. चेक प्रजासत्ताकात २००७ साली एक आई रुग्णालयात बाळंत होऊन डॉक्टरांचा सल्ला न मानता त्याच दिवशी घरी गेली, आणि न्यायालयाने काही तासांतच अंतरिम आदेश काढून नवजात बाळाला परत रुग्णालयात आणवले. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१४ साली हान्झेल्कोव्ही खटल्यात हा कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग ठरवला. नवजात बाळ आईपासून दूर करण्यास विलक्षण सबळ कारण हवे आणि कमी कठोर मार्ग होता का याचा विचार आधी झालाच पाहिजे, असा त्याचा आशय आहे. आपल्या न्यायालयांवर तो बंधनकारक नाही. युक्तिवादाला मात्र उपयोगी पडतो.

आपल्या स्वतःच्या शरीरावरील उपचारांना नकार देण्याचा आपला अधिकार फार मोठा आहे. बाळ जन्मल्यावर त्याच्या उपचारांबद्दलचा आपला अधिकार तेवढा मोठा राहत नाही, कारण तेव्हा बाळ ही स्वतंत्र व्यक्ती असते आणि तिचे हित आपल्या मताच्या वर मोजले जाते. बाळ निळे पडले, दूध ओढेना, पिवळे पडले आणि तरीही दवाखान्यात न्यायचे नाही असा हट्ट आईवडिलांनी धरला, तर बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७५ मधील जाणूनबुजून केलेल्या हेळसांडीचा प्रश्न उभा राहतो, आणि त्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

निवृत्त_स्त्रीरोगतज्ज्ञ

वकीलसाहेबांनी कायद्याची बाजू नीट मांडली आहे, पण ती वाचून ताईंनी निश्चिंत होऊ नये म्हणून मी लिहीत आहे.

बाळंतपणातील सर्वांत धोक्याचा काळ पुष्कळदा बाळ बाहेर आल्यानंतर सुरू होतो. वार पडल्यावर गर्भाशय आकसले नाही तर रक्तस्राव थांबत नाही, आणि पूर्ण दिवसांच्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त वाहत असते, हे लक्षात घेतले म्हणजे आपल्या हाती किती थोडा वेळ असतो याची कल्पना येईल. यावर ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात. ते दोन ते आठ अंश तापमानात ठेवावे लागते. आपली तारीख मे महिन्यातील आहे. नागपुरात त्या वेळी पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, दुपारी वीज जाते, आणि ती परिचारिका ते इंजेक्शन पर्समध्ये घालून दुचाकीवरून आणणार असेल तर त्यात औषधाचा गुण किती उरेल? तिला हा प्रश्न अवश्य विचारा. बर्फाची पेटी दाखवता आली नाही, तर पुढचे काही विचारण्याची गरज नाही. बाळाला पहिल्या मिनिटात श्वास घ्यायला मदत करणारी बॅग आणि मास्क तिच्याकडे आहे का आणि ती तिने हल्ली वापरली आहे का, हेही विचारा; साधारण दहातील एका नवजात बाळाला श्वासासाठी काही ना काही मदत लागते.

परदेशातील आकड्यांचा दाखला मला नेहमी दिला जातो. इंग्लंडमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, कमी जोखमीच्या आणि आधी बाळंत झालेल्या स्त्रियांच्या बाबतीत घरी व रुग्णालयात होणाऱ्या बाळंतपणांत बाळांच्या दृष्टीने लक्षणीय फरक आढळला नाही; पहिलटकरणींमध्ये मात्र घरी धोका अधिक आढळला आणि त्यांतील सुमारे ४५ टक्के जणींना रुग्णालयात हलवावे लागले. आपण दुसऱ्या खेपेच्या आहात हे खरे. परंतु तेथे घरी येणारी सुईण शासकीय आरोग्यसेवेची पूर्ण प्रशिक्षित कर्मचारी असते आणि रुग्णालय तिचा फोन येताच खाट तयार ठेवते. आपल्याकडे प्रसूतिसेवेचे राष्ट्रीय मार्गदर्शन २०१८ साली निघाले, त्या धर्तीवर प्रशिक्षित परिचारिका अजून थोड्याच आहेत, आणि घरून आणलेल्या बाईला दारात पहिले वाक्य ‘आता कशाला आलात’ हेच ऐकावे लागते. मी स्वतः मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, शिकत असताना ते वाक्य वरिष्ठांच्या तोंडून ऐकले आहे.

आणखी एक गोष्ट मला विचारावीशी वाटते. तुमसर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ आढळतो. आपली आणि यजमानांची तपासणी झाली आहे का?

पहिल्या खेपेला आपल्याशी जे झाले ते वाईटच झाले. त्यावर उपाय मात्र रुग्णालयातही मागता येतो. शासकीय रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण असू देण्याचे केंद्राचे निर्देश २०१६ पासून आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनात सोयीच्या स्थितीत बाळंत होऊ द्यावे, सरसकट छेद घेऊ नये आणि बाळ लगेच आईच्या उघड्या छातीवर द्यावे, असे स्पष्ट सांगितले आहे. आपल्या अटी कागदावर लिहून आठव्या महिन्यातच दोन-तीन ठिकाणी डॉक्टरांसमोर ठेवा. जो डॉक्टर तो कागद वाचून हसेल त्याच्याकडे जाऊ नका.

समितीची_माजी_सदस्य

विदर्भातील एका जिल्ह्याच्या बालकल्याण समितीवर मी काम केले आहे. माझ्या कार्यकाळात केवळ घरी जन्मले म्हणून एकही बाळ आमच्यापुढे आणले गेले नाही. नवजात बाळे येत, ती झुडपात किंवा बसस्थानकावर सोडलेली असत, किंवा आई स्वतःच अल्पवयीन असे.

वकीलसाहेबांच्या एका मुद्द्याशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. कायद्यात चार महिने लिहिले आहेत, म्हणून ती मुदत पालकांना संरक्षण देते असे त्यांच्या मांडणीतून वाटते. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या बाबतीत पंधरा दिवसही फार असतात, कारण तेवढ्यात आईचे दूध आटते, आणि मग ‘बाळ आता बाटलीला रुळले आहे’ हेच कारण पुढच्या तारखेला ऐकवले जाते. कायदा सर्वांना सारखा असला तरी समितीपुढे उभे राहणारे लोक सारखे नसतात. ताईंसारखी शिकलेली, वकिलाला प्रश्न विचारू शकणारी बाई समितीपुढे क्वचितच येते. येते ती सिग्नलवर फुगे विकणारी, पालावर राहणारी, जिच्याकडे आधार कार्ड नाही आणि जिचे बाळ तिचेच आहे हे सिद्ध करण्याचा भार तिच्यावरच पडतो ती. पालकांच्या हक्कांची चर्चा करताना तिचा विसर पडू नये.

आणि धमकीबद्दल. अठरा वर्षांखालील मुलगी बाळंतपणासाठी आली की बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार रुग्णालयाला पोलिसांना कळवावेच लागते. हे कळल्यापासून लहान वयात लग्न लावून दिलेल्या मुलींची घरची माणसे दवाखाना टाळू लागली, आणि ज्या मुलींना डॉक्टरची सर्वाधिक गरज असते त्याच घरी, चोरून बाळंत होतात. आपल्याकडे आलेल्या त्या कर्मचारी बाईंनी समितीचे नाव असे काठीसारखे उगारले, त्याचाही परिणाम हाच होणार. याच विदर्भात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आणला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. त्याच धर्तीवर २०११ पासून आशाताई घरी येऊन बाळ पाहतात, आणि घरी बाळंत झालेल्या बाईकडे तर एक भेट जास्त, पहिल्याच दिवशी द्यायची असते. घरी जन्मलेल्या बाळासाठी शासनाने जी व्यवस्था करून ठेवली आहे ती ही, आणि त्या बाईंनी हीच सांगायला हवी होती. त्यांची तक्रार करण्यापेक्षा आपल्या भागातील नागरी आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून सर्व मोकळेपणाने सांगा. लपवलेली गोष्ट मागाहून हेळसांडीसारखी दिसते.

मानेवाडा_रोड

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरसाहेबांचा प्रश्न वाचून यजमानांनी जुनी कागदपत्रे काढली, तेव्हा त्यांच्या महाविद्यालयातील शिबिराच्या कार्डावर ‘एएस’ असे लिहिलेले सापडले. माझी तपासणी झाल्याची नोंद पहिल्या खेपेच्या फाइलमध्ये कोठेच नाही. आणखी एक शंका आहे. आम्ही रुग्णालयाचाच मार्ग धरला आणि बाळ व मी ठणठणीत असताना चार-सहा तासांत घरी जायचे ठरवले, तर सल्ल्याविरुद्ध गेलो म्हणून रुग्णालय समितीला कळवू शकेल का?

निवृत्त_स्त्रीरोगतज्ज्ञ

‘एएस’ म्हणजे यजमान वाहक आहेत, रुग्ण नाहीत. आपण उद्याच तपासणी करून घ्या. साध्या चाचणीत दोष दिसला तर इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ताची नेमकी चाचणी करतात. मेडिकल आणि मेयो या दोन्ही शासकीय रुग्णालयांत विचारणा करता येईल. आपणही वाहक निघालात तर प्रत्येक खेपेला बाळाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक असते आणि मग बाळाची तपासणी जन्मानंतर लगेच व्हायला हवी. आपण स्वतः ‘एसएस’, म्हणजे रुग्ण, निघालात, तर घरी बाळंत होण्याचा विषय माझ्या दृष्टीने तेथेच संपला. सासूबाईंनाही विचारा की ते तिसऱ्या दिवशी गेलेले बाळ पिवळे पडले होते का, त्याने दूध सोडले होते का. त्यांना आठवत असेल.

चार-सहा तासांत घरी जाणे मला पसंत नाही. निदान चोवीस तास थांबा. तेवढ्यात हिपॅटायटिस बीची पहिली मात्रा, बीसीजी, पोलिओचे थेंब आणि के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन होऊन जाते, आणि पहिल्या चोवीस तासांतच दिसणारी कावीळ, जी कधीही साधी नसते, ती नजरेतून सुटत नाही. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी बाळ उजेडात उघडे करून पुन्हा दाखवावे लागेल. आपला रक्तगट निगेटिव्ह असल्यास अँटी-डी इंजेक्शन बहात्तर तासांत घ्यावे लागते, तेही विसरू नका.

सिव्हिल_लाइन्स_वकील

कळवू शकेल, कारण कळवण्यास मनाई नाही. परंतु सुदृढ बाळाला घेऊन आई घरी गेली, एवढ्यावर चौकशीत काही टिकणार नाही. सल्ल्याविरुद्ध जात असल्याच्या छापील कागदावर सही मागतील तेव्हा ती करा, पण त्याच कागदावर बाळाचे वजन, बाळाने दूध ओढले, लघवी व शी झाली, कोणत्या लसी झाल्या आणि पुन्हा कोठे व कोणत्या दिवशी दाखवणार आहोत, हे स्वतःच्या अक्षरात लिहून त्याची प्रत मागून घ्या. फेरतपासणीची ती तारीख चुकवू नका. पुढे कोणी हेळसांडीचा आरोप केलाच तर पहिला प्रश्न त्याच तारखेबद्दल येईल.

तपासणीचा अहवाल पाहून घरीच बाळंत होण्याचे ठरले, तर त्या परिचारिकेचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे पडताळून घ्या. जन्माची वेळ तिच्याकडून तेव्हाच लिहून, सही घेऊन ठेवा. झोन कार्यालयात ती विचारतात.